राजधान्या पाठ आहेत, पण गोदावरी पूर्वेला का जाते?

दिवाळीची सुट्टी जवळ आली, तसा पालकांच्या गटांतून एक मजकूर पुन्हा फिरू लागला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लहानपणी स्मरणशक्ती तल्लख असते, तेव्हा राज्यं, राजधान्या, नद्या पाठ करून घ्या, समज नंतर येते. मातीचे डोंगर करण्यात वेळ वाया जातो. दिशा मोबाइल दाखवतो. आणि ‘कृतीतून शिक्षण’ महागड्या शाळांनाच परवडतं. मी लहान मुलांना शिकवते, म्हणून याला उत्तर द्यावंसं वाटलं.

पाठांतराला माझा विरोध नाही. सात वर्षांचं मूल नावं पटापट उचलतं आणि नावं लागतातच. पण नुसती नावं शिळी होतात. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला आणि ३५ जिल्हे पाठ केलेल्यांचे ३६ झाले. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, बंगालच्या उपसागराला मिळते, हे मूल घडाघडा म्हणतं. अरबी समुद्र तिथून शंभर किलोमीटरच्याही आत असताना ती जवळजवळ १,४६५ किलोमीटर उलट्या दिशेला का जाते, हा प्रश्नच त्याला पडत नाही.

तो पडावा म्हणून माती लागते. जुन्या परातीत ओली माती थापा. डावीकडे चिंचोळी सपाट पट्टी ठेवा, हे कोकण; तिला लागून उभा कडा, हा सह्याद्री; आणि कड्याच्या माथ्यापासून उजवीकडे माती हळूहळू उतरती करत न्या. आता माथ्याच्या किंचित उजवीकडे तांब्याने बारीक धार सोडा. पाणी लांबच लांब उजवीकडे जातं. तीच धार दोन बोटं डावीकडे सरकवा, ती कड्यावरून कोसळते आणि लगेच कडेला लागते. भीमा, कृष्णा पूर्वेला का गेल्या आणि सावित्री, वाशिष्ठी एवढ्या आखूड का, हे मुलं स्वतःच सांगू लागतात. आपण ‘वर घाटावर’ आणि ‘खाली कोकणात’ का म्हणतो, तेही त्यांना तेव्हाच कळतं.

वेळ वाया जातो म्हणणाऱ्यांनी दिवाळीतला किल्ला आठवावा. हळीव उगवलेल्या उतारावर पाणी शिंपडलं तर माती जागेवर राहते, उघड्या उतारावरची ओघळून पायथ्याशी येते. जमिनीची धूप याहून स्पष्ट कुठल्या चित्रात दिसते? पावसाचे ढग किंवा जगातले देश मात्र परातीत मावत नाहीत. तिथे नकाशा आणि पुस्तकच हवं.

मोबाइल कुठे वळायचं ते सांगतो. पण उत्तर दिशा कुठे आहे असं विचारलं की कितीतरी मुलं छताकडे बोट दाखवतात, कारण नकाशा कायम भिंतीवर टांगलेला असतो. तो खाली उतरवून जमिनीवर अंथरा, उगवत्या सूर्याच्या अंदाजाने फिरवून लावा. मग अंगणात काठी रोवून दुपारची सावली महिन्यातून एकदा खडूने आखा. मुंबई-पुण्याकडे साधारण मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस साडेबाराच्या सुमारास ती सावली नाहीशी होते, कारण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो आणि सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात, म्हणून मे चुकवू नका.

खर्चाचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी मुलांसाठी शिंपले, गोटे, बिया, पानं हेच शिक्षणाचं साहित्य होतं, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी शाळाच कुरणात भरायची. वरच्या प्रयोगांनाही माती, तांब्याभर पाणी आणि एक काठी एवढंच लागलं.