माय, मावशी आणि जोशींचे बारा

नोटीस आली तेव्हा मी पोह्यांवर जिरावण भुरभुरत होतो. इंदुरात सकाळी नऊच्या आत आलेली कुठलीही वाईट बातमी पोहे-जलेबीबरोबर खाली उतरते, असा माझा अनुभव आहे. ही घशातच बसली. ‘आपल्या संकेतस्थळाचा डेटाबेस ५.७ या आवृत्तीवर चालत आहे. महिनाअखेरीस ही आवृत्ती बंद करण्यात येईल. तत्पूर्वी ८.० वर स्थलांतर करावे.’ खाली सही नाही, ‘कळावे’ नाही. धरणग्रस्तांना येते तशी कोरडी नोटीस.

स्थलांतर माझं नव्हतं, वधू-वरांचं होतं. २००९ साली इथल्या एका मराठी मंडळाला मी वधू-वर सूचक विभागाचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. तोवर अर्धी स्थळं सचिवकाकांच्या तीन फुगलेल्या फायलींत असायची आणि अर्धी काकांच्या डोक्यात. मानधन म्हणून मला शाल, श्रीफळ आणि ‘पोरगा आपलाच आहे’ हे वाक्य मिळालं. शाल विरली, नारळाची चटणी झाली. वाक्य मात्र अजून धडधाकट आहे, आणि चौदा वर्षं मी त्याचं व्याज फेडतोय.

आता खरं सांगायचं तर आमच्या डेटाबेसचं इंजिन मायएसक्यूएल, आणि त्याची ८.० ही आवृत्ती एप्रिल २०१८ मध्ये आली. ५.७ ची देखभाल ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबणार, हेही आधीपासून जाहीर होतं. म्हणजे माझ्या हातात साडेपाच वर्षं होती, साडेसातीपेक्षा फक्त दोन कमी. ती मी ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ या आमच्या धंद्यातल्या एकमेव शास्त्रवचनावर काढली.

काकांना फोन केला.

“काका, डेटाबेसची नवी आवृत्ती टाकावी लागेल. पाच पूर्णांक सातवरून आठ.”

“अन् सहावी कुठे गेली?”

“सहावी त्यांनी अर्धवट सोडली. सातवा नंबर दुसऱ्या एका भावंडाला देऊन झाला होता.”

“म्हणजे दोन यत्ता गाळून वर चढवलंय. तरीच त्रास देऊन राहिलंय. हे बघ भिया, रविवारी मेळावा आहे. शनिवारी रात्री उरकून टाक.”

“एका रात्रीत कठीण आहे, काका.”

“सराफा बघ जरा! दिवसा सोनं-चांदी. रात्री शटर पडलं की त्याच ओट्यावर गराडू अन् भुट्ट्याचा कीस. सकाळी परत सोनं. रोज स्थलांतर होतं, कधी कोणी बोर्ड लावला का, की गैरसोयीबद्दल क्षमस्व?”

यावर त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं. सराफ्यातला सोनार आपलं सोनं तिजोरीत टाकून घरी जातो. मला माझं सोनं त्याच कढईत तळायचं होतं.

मधल्या दोन दिवसांत मी पळवाटाही शोधल्या. या इंजिनाचे कर्ते मायकल विडेनियस हे फिनलंडचे. त्यांनी इंजिनाला आपल्या लेकीचं नाव दिलं, ‘माय’. पुढे त्याच घराण्यातलं दुसरं इंजिन काढलं, त्याला धाकट्या लेकीचं नाव, मारिया, म्हणून मारियाडीबी. बिचाऱ्यांना काय कल्पना की मराठीत मायची बहीण ती मावशी होते, आणि माय मरो पण मावशी जगो अशी म्हण आपल्याकडे आधीच तयार आहे. मी मावशीकडे जायला एका पायावर तयार होतो. पण नोटीस पाठवणाऱ्या होस्टिंगवाल्यांकडे, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आमचं संकेतस्थळ राहतं त्यांच्याकडे, मावशी नव्हती.

शनिवारी रात्री दहाला बसलो. ८.० वर डेटा एकदा चढला की तो परत ५.७ ला उतरवता येत नाही. फार तर जुना बॅकअप काढून पहिल्यापासून संसार मांडायचा. म्हणून बॅकअपच्या तीन प्रती केल्या: एक लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हमध्ये, आणि तिसरी दुसऱ्या पेन ड्राइव्हमध्ये घालून देवघरात.

साडेदहाला नव्या सर्व्हरवर पहिलं पान उघडलं. जोशी नव्हते. जोशींच्या जागी बारा चिन्हं होती.

हे बारा कसे वाजले ते सांगायलाच हवं. नागरीतलं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. ज, ओकार, श आणि ईकार, चार त्रिक बारा. टेबल बनवताना लिपी कोणती ते मी २००९ साली सांगितलंच नव्हतं, तेव्हा इंजिनानं आपली घरची लिपी धरली, लॅटिन-वन. तिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. जुन्या व्यवहारात प्रोग्रॅम आणि इंजिन दोघंही लॅटिनच बोलायचे, त्यामुळे बाइट जसे आत जायचे तसेच बाहेर यायचे. आत मराठी माणसं बसली आहेत हे इंजिनाला चौदा वर्षं कळलं नाही. पाकीट न उघडता पोचवणारा पोस्टमन तो. बरं, त्या लॅटिनचा अनुक्रमही, म्हणजे शब्दांची तुलना करून रांग लावायचे नियमही, मुळात स्वीडिश! म्हणजे देवास, महू, उज्जैनची स्थळं इतकी वर्षं स्वीडिश कायद्यानं रांगेत उभी राहत होती, आणि त्यातून लग्नं जमत होती.

८.० ची घरची लिपी मात्र यूटीएफएट, नागरीसकट जगातल्या बहुतेक लिप्या ओळखणारी. या नव्या पोस्टमननं पाकीट उघडलं, आतला एकेक बाइट लॅटिन अक्षर समजून त्याचं प्रामाणिक भाषांतर केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. बहुतेक ठिकाणी आधी डोक्यावर तिरकी काडी मारलेला इंग्रजी ए, मग चार पाय फुटलेला गोल, मग आणखी काहीतरी. दीर्घ ईकाराचा थाट वेगळाच. काडीवाल्या ए नंतर जपानचं येन आणि येनला चिकटून युरो. जोशी, कुलकर्णी, पुराणिक नव्हे पण धर्माधिकारी, दीर्घ ईकारान्त आडनावाच्या प्रत्येक स्थळापुढे दोन-दोन परकीय चलनं झळकत होती. बायको चहा ठेवायला आली, पडद्याकडे बघून म्हणाली, “ही सगळी मुलं बाहेर असतात वाटतं?”

यावरचा उपाय माहीत होता. कॉलमला आधी ‘तू अक्षरं नाहीस, नुसते बाइट आहेस’ असं सांगायचं, आणि तो आपली लॅटिन ओळख विसरला की मग ‘तू यूटीएफएट आहेस’ असं सांगायचं. घाईत मी पहिली पायरी गाळली आणि थेट लिपी बदलली. पान जसंच्या तसं दिसत राहिलं. फरक इतकाच, की आधी जोशींवर नुसता आळ होता, आता कागदोपत्री नाव बदललं होतं. देवघरातली प्रत काढावी लागली.

दुसऱ्या खेपेला दोन्ही पायऱ्या नीट चढलो, तर गाडी जन्मतारखेवर अडली. स्थळ नोंदवताना जन्मतारीख न देणारे बरेच असतात. त्यांना मी शून्य दिवस, शून्य महिना, शून्य साल अशी तारीख चिकटवून ठेवली होती. जुन्या सर्व्हरवर कडक मोड, म्हणजे चुकीच्या नोंदी नाकारण्याची शिस्त, बंद होता, त्यामुळे ते चालून गेलं. नव्यावर तो चालू. ‘चुकीची तारीख,’ तो म्हणाला. बरं बाबा, चूक माझी. शून्य तारखेचे सगळे शोधून ती जागा रिकामी करतो, म्हणून क्वेरी, म्हणजे इंजिनाला द्यायची आज्ञा, लिहिली. तर त्या क्वेरीत शून्य तारखेचा उल्लेख आहे आणि ती तारीख चुकीची आहे, म्हणून क्वेरीच चालवायला नकार! घरात साप शिरलाय म्हणून ओरडत जावं आणि आजीनं म्हणावं, रात्रीचं सापाचं नाव घेऊ नये. शेवटी तेवढ्या वेळापुरता कडक मोड उतरवला, तेव्हा काम झालं. या भानगडीत माझ्या हातची एक जुनी ओळ सापडली. शून्य सालामुळे वय दोन हजारांच्या घरात जायचं, ते लपवायला मी लिहिलं होतं: वय शंभराच्या वर असेल तर ‘विवाहयोग्य’ असं छापावे.

सदस्यांचे पासवर्ड ज्या फंक्शननं झाकले होते ते ८.० मधून काढूनच टाकलंय, हे पुढच्या अर्ध्या तासात कळलं. ‘हे आमच्या घरगुती वापराचं आहे, आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरू नये’ असं पुस्तिकेत पूर्वीपासून छापलेलं होतं. पुस्तिका मी तेव्हाही वाचली नव्हती.

दोन वाजता गुणमेलन बंद पडलं. किती गुण जुळतात त्यावरून स्थळाचा क्रम लावणारा माझा कॉलम होता, नाव ‘रँक’. ८.० नं तो शब्द राखीव केलाय. इंदूर-पुणे गाडीत रिकामा बर्थ बघून मी चौदा वर्षं पाय पसरून झोपलो होतो. आता तिकीटवाला माणूस चढला आणि खांद्याला हात लावून उठवू लागला. उठवण्याची तऱ्हाही अशी, की ‘तुमच्या लिखाणात चूक आहे, आपल्या आवृत्तीची पुस्तिका पाहावी’. चूक अमुक शब्दाच्या आसपास आहे एवढं सांगायचं, पण काय चूक ते नाही. भाजीची चव घेऊन सासूनं ‘बघ तूच’ म्हणावं तसं. गुण जास्तीत जास्त छत्तीस जुळतात. माझा प्रोग्रॅम आणि नवं इंजिन यांचाही छत्तीसचाच आकडा होता, पण मराठीतला.

“अहो,” आतून आवाज आला, “लग्नं जुळवताय का मोडताय?”

साडेपाचला सगळी पानं उघडू लागली. बाहेर कचरागाडीचं गाणं वाजत आलं. हे शहर २०१७ पासून देशात स्वच्छतेचा पहिला नंबर वर्षानुवर्षं पटकावत आलंय, त्यात माझ्या टेबलांचा वाटा काय असेल, या विचारात मी डबा घेऊन खाली गेलो. ओला वेगळा, सुका वेगळा. शून्य तारखांचा डबा कुठे ते विचारावंसं वाटलं.

नऊ वाजता काकांचा फोन.

“अरे, छापलेल्या यादीत ग्वाल्हेर वर कसं? दरसाल इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर, देवास, धार असं असतं. होळकरांच्या गावात शिंद्यांना पहिलं पान? लोक विचारून राहिलेत.”

पूर्वी शहरवार गट पाडायला ‘ग्रुप बाय’ म्हटलं की इंजिन गट पाडून वर ते आपणहून अकारविल्हे लावूनही द्यायचं. पोह्यांवर न मागता शेव पडते तसं. मला तर शेव वेगळी असते हेच ठाऊक नव्हतं. ८.० नं ती बंद केली. रांग हवी असेल तर ‘ऑर्डर बाय’ असं स्वतंत्र लिहायचं. शेव हवी तर ऑर्डर द्या! दिली. काकांनी नव्या याद्या काढल्या, होळकर वर आले, मेळावा सुरू झाला, आणि मी झोपलो.

साडेअकराला फोन वाजला. अनोळखी नंबर, वयस्क आवाज, अतिशय सभ्य.

“काकांनी तुमचा नंबर दिला. तुमच्या कॉम्प्युटरनं आमच्या मुलीसाठी एक स्थळ सुचवलंय, त्याबद्दल बोलायचं होतं.”

“हो हो, बोला ना.”

“स्थळ तसं उत्तम आहे. मुलगा निर्व्यसनी, नोकरी चांगली. घराणंही पूर्ण माहितीतलं आहे.”

“मग अडचण काय, काका?”

“पत्ता आमचाच आहे.”

मी उठून बसलो. एकाच आडनावाची स्थळं एकमेकांना दाखवायची नाहीत, असा नियम मी पहिल्या दिवशीच घातला होता. आडनाव सांगत नाही, इंदुरात मराठी माणसं एकमेकांना ओळखतात. लॅपटॉप उघडला. मुलीचं आडनाव नीट होतं. मुलाचा फॉर्म भरताना कोणीतरी आडनावानंतर एक मोकळी जागा सोडली होती. जुनं इंजिन शब्दाच्या शेवटची मोकळी जागा मोजायचंच नाही. लिपी बदलताना टेबलाला अनुक्रमाचे जे नवे नियम लागले, ते ती मोजतात. त्यामुळे एका रात्रीत आडनावं दोन झाली, घराणी दोन झाली आणि बहीण-भाऊ एकमेकांना विवाहयोग्य ठरले.

“माफ करा,” मी म्हणालो, “एका स्पेसमुळे झालंय.”

“असेल असेल. मला फक्त एक विचारायचं होतं. गुण किती जुळलेत म्हणायचे?”

मी पाहिलं. “एकतीस.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी तोंड फिरवून घरात हाक मारली, “ऐकलंस का गं? एकतीस! अन् इथे रिमोटवरून रोज मारामाऱ्या!”