काका, मूठ सोडा!

जुन्या स्कूटरचं इंजिन उतरवून मागच्या चाकात हब मोटर बसवायची, हे काम सोलापुरात गुपचूप करता येत नाही. मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या सावलीला मल्टिमीटर घेऊन बसा, चार माणसं बघायला येतात आणि पाचवं सल्ला द्यायला.

मोटर बसते हो. दुखणं असतं ते कंट्रोलरचं. बॅटरीचा करंट मोटरला मोजून-मापून देणारा ॲल्युमिनियमचा चपटा डबा आणि त्यातून लोंबणाऱ्या वायरी. पिवळी, हिरवी, निळी अशा तीन जाड फेजच्या, म्हणजे मोटरला करंट नेणाऱ्या. हॉल सेन्सरच्या बारीक पाच, त्यातही तीन पुन्हा पिवळी, हिरवी, निळीच. रंगाला रंग जोडला की काम झालं, असं कुणालाही वाटेल. पण मोटर एका कारखान्याची आणि कंट्रोलर दुसऱ्याचा असला की रंग जुळतात, पत्रिका जुळेलच असं नाही.

चाक स्टँडवर अधांतरी ठेवून रेसची मूठ जराशी पिळली. चाक थरथरलं, कण्हलं आणि जागीच राहिलं.

शेजारचे अण्णा अशोक चौकाकडं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे होते. ते सरसावले. "ओ सर, तीन फेजच हाय की ओ. दोन वायरी उलट्या करा, पळतंय बघा."

मागाच्या मोटरला हे शंभर टक्के लागू. पण इथं चुंबक कुठं आलंय ही खबर हॉल सेन्सर कंट्रोलरला देत असतात. खबर जुनीच ठेवून नुसत्या फेज फिरवल्या की करंट भलत्याच वेळी भलत्याच वेटोळ्यात जातो. हॉल न हलवता तीन फेज ६ प्रकारे जोडता येतात आणि सुरळीत चालणारा प्रकार त्यातला एकच. अण्णांना सहाही बघायचे होते. कंट्रोलरला दोन पांढऱ्या वायरी असतात, त्या एकमेकींना जोडल्या की तो ही जुळणी स्वतःच शिकतो, आणि चाक उलटं फिरलं तर काढून परत जोडायच्या, हे मला ठाऊक होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला मध्येच तोडायचं कसं? अण्णा चहाला गेले तेव्हा मी पांढऱ्या वायरी जोडल्या. परत आल्यावर फिरतं चाक बघून ते म्हणाले, "बघा, म्हणलं न्हवतं?"

मग मोबाईलवर ॲप उघडलं. त्यात कंट्रोलर इतके प्रश्न विचारतो की घरात सभाच भरली. बॅटरी ६० व्होल्टची. ती किती व्होल्टला उतरली की पुरवठा तोडायचा? मी ५२ म्हणालो. आईचं मत पडलं, "एवढं शिल्लक कशाला ठेवायचं? पैसे दिलेत की." बॅटरीतून किती अँपिअर ओढायचे? चिरंजीव म्हणाले ६०, बायको म्हणाली २०. चिरंजीवांनी फेज करंटचा, म्हणजे मोटरकडं जाणाऱ्या करंटचा रकाना शोधला, कारण गाडी हळू असताना तो बॅटरीच्या करंटच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो, हे त्यांनी कुठूनसं वाचलं होतं. अभ्यासाचं काही इतकं मन लावून वाचलेलं माझ्या पाहण्यात नाही. या शहरातल्या उन्हात डबा किती तापेल हा मुद्दा मी मांडून पाहिला. तो कुणीच चर्चेला घेतला नाही.

आरटीओची कागदं अजून व्हायची होती, म्हणून पहिली फेरी आवारातच. मान काकांचा, कारण स्कूटर त्यांची. लिंबू-मिरची बांधली. काका बसले, किल्ली फिरवली, आणि कंट्रोलरचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

"काय बे हे? किती वेळ झालं बसलोय!"

वायरी बघितल्या, ब्रेक दाबला की मोटर तोडणारा कटऑफ बघितला. सगळं ठीक. मग काकांच्या उजव्या हाताकडं लक्ष गेलं. चाळीस वर्षं किक मारताना रेस देत आलेला हात. किल्ली फिरवतानाही त्यानं मूठ पिळूनच धरली होती. आणि सुरू होताना मूठ पिळलेली दिसली की गाडी अचानक झेपावू नये म्हणून कंट्रोलर मुद्दामच अडून बसतो.

"काका, मूठ सोडा!"

"रेस दिल्याशिवाय गाडी धरती का?"

शेवटी बायकोनं त्यांचा हात धरून सरळ केला, किल्ली मी फिरवली. दिवा हिरवा झाला. काका आता आवाजाची वाट बघत बसले. आवाज येईना, म्हणून त्यांनी मूठ पुन्हा पिळली आणि गाडी थेट तुळशीकडं निघाली. २० अँपिअर होते म्हणून तुळस वाचली.

त्याच संध्याकाळी बायकोनं ॲपचा पासवर्ड बदलला. चिरंजीव सध्या न सांगता भांडी घासतात. ताजी बातमी २२ अँपिअरची आहे.