पाण्याची पातळी कोणी ठरवायची?

आमच्या शिरोळकडच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा वाद पेटला. कुणीतरी उसाचं पाचट जाळू नका असं आवाहन टाकलं आणि चुलतभावानं लिहिलं, "धुराडी युरोपची, आणि हिशेब आमच्या बांधावर." त्याचा राग मला पटतो. पण मी राहतो त्या देशात नुसती धुराडी नाहीत, इथली शेतजमीनच हवेत चालली आहे, हे त्याला सांगायचं होतं. ते मेसेजमध्ये मावेना.

मी नेदरलँड्समध्ये आम्स्टलवीनला राहतो. मराठी माणसं इथे पुष्कळ, पण गावाच्या नावातल्या 'वीन'चा अर्थ कुणी फारसा विचारत नाही. वीन म्हणजे पीट. पाणथळीत मेलेलं गवत, शेवाळ, बोरू हवा न लागल्यामुळे पुरतं कुजत नाही आणि हजारो वर्षं थरावर थर साठत जातं, ती ही काळी माती. (नर्सरीतलं कोकोपीट वेगळं, ते नारळाच्या सोडणाचं.) सुमारे हजार वर्षांपूर्वी शेतीसाठी लोकांनी चर खणून तिच्यातलं पाणी काढायला सुरुवात केली. पाणी उतरलं तशी हवा शिरली आणि कुजायचं राहून गेलेलं सगळं कुजू लागलं. जमीन खचली, पाणी पुन्हा वर आलं, पुन्हा काढलं. पाहुणे ज्या पवनचक्क्यांपुढे फोटो काढतात, त्यांतल्या कितीतरी हे पाणी उपसायलाच उभ्या राहिल्या.

आज तिथे दुभत्या गाईंचं गवत आहे. बऱ्याच ठिकाणी जमीन वर्षाला सेंटीमीटरभर खचते. पीट तयार होतं वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे दहा वर्षांची माती एका वर्षात जाते. एक हेक्टर एक सेंटीमीटर खचलं की सुमारे २२ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. खाऊडासारख्या जुन्या शहरात घरंही मातीबरोबर बसत चालली आहेत.

उपाय ठाऊक आहे: पाणी वर घ्या. २०२२ मध्ये सरकारनं पीटच्या भागात भूजल जमिनीखाली २० ते ४० सेंटीमीटरवर आणायचं धोरण मांडलं. पण ओल्या रानात ट्रॅक्टर रुततो, गाईंच्या खुरांनी गवत तुडवलं जातं. पाणी खोल ठेवू असं ज्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं, त्यानं त्या भरवशावर कर्ज काढलं आहे. गेल्या शतकात ही पातळी आणखी खोल नेली ती सरकारी योजनांनीच. त्याला गुन्हेगार ठरवणं मला मान्य नाही. पाणी वर घ्यायचंच आहे, तर त्याच्या घटलेल्या दुधाची भरपाई समाजानं द्यावी.

इथली एक गोष्ट मला मनापासून आवडते. चरातलं पाणी कुठवर ठेवायचं हे जलमंडळं ठरवतात. त्यांतली सर्वांत जुनी तेराव्या शतकातली. त्यांच्यासाठी निवडणूक होते आणि परवान्यावर राहणाऱ्या परदेशी माणसालाही त्यात मत असतं. परदेशात मी पहिलं मत दिलं ते मार्च २०२३ मध्ये, जमिनीखालच्या पाण्यासाठी.

आमच्या शिवारात सगळं उलटं आहे. तिथे पीट नाही, माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब अर्धा टक्काही भरत नाही. उसाला पाजलेल्या जादा पाण्यानं क्षार वर आले, रानं क्षारपड झाली. आता आपण जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून पाणी काढतो. इथे तसेच पाइप घालून उन्हाळ्यात चरातलं पाणी पीटमध्ये परत मुरवतात. दोन्हीकडे एकट्या शेतकऱ्याच्या हातात काही नाही, कारण पाणी बांध ओळखत नाही. आणि आपल्याकडची चर्चा मात्र एकेकट्याच्या चुकीवरच अडून राहते: यानं पाचट जाळलं, त्यानं शेणखत घातलं नाही. पाण्याबद्दल गावानं एकत्र बसून काय ठरवलं, हे कुणी विचारत नाही.

शेवटी चुलतभावाला फोनच केला. पाचटाचा विषय काढला नाही. विचारलं, "खालच्या पट्टीतलं पाणी नाल्यापर्यंत न्यायला मधले तिघं तयार झाले का?"

"दोघं झाले, दादा. तिसरा म्हणतो, माझ्या रानातनं पाइप नको."

"त्याची अडचण काय?"

"ते अजून कुणी विचारलेलं नाही."