माया असो की विंडोज, तंबूत वीज आहे का?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एकच वाद उकरून निघतो. एक पार्टी म्हणते सैन्याने सगळं स्वदेशीच वापरावं, संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर बेतलेली माया ऑपरेटिंग सिस्टिम आणली ना, तीच सगळीकडे टाका आणि फोनवर सरळ बंदी घाला. दुसरी पार्टी म्हणते सोडा हो, आपल्याकडे असलं काही जमत नाही, अमेरिकेत बघा. मग मला टॅग करतात. कारण मी अमेरिकेतल्या जॉर्जियात ऑगस्टाजवळ राहतो, इथे फोर्ट गॉर्डनला अमेरिकन आर्मीचं सिग्नल स्कूल, म्हणजे सैन्याच्या संपर्कयंत्रणेचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि बरीच वर्षं मी कंत्राटदार कंपनीतर्फे त्यांच्या फील्ड नेटवर्कचंच काम केलंय. वर्दी कधी घातली नाही, पण तंबू तेच आणि धूळही तीच.

तर आधी ‘अमेरिकेत बघा’वाल्यांना सांगतो. फील्डमधलं नेटवर्क म्हणजे ट्रेलरवरची सॅटेलाइट डिश, शेजारी राउटर-स्विचचं कपाट, साधं आणि सिक्रेट अशी दोन वेगळी नेटवर्क, दोघांचे लॅपटॉप वेगळे, वायरी वेगळ्या, आणि हे सगळं गणपतीच्या मांडवातल्या वायरिंगसारखं घाईत उभं करायचं नि घाईत गुंडाळायचं. सॅटेलाइट ३६ हजार किलोमीटरवर, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागणारच, तिथे कर्नलसाहेबांनी ‘नेट स्लो का’ म्हणून कितीही आवाज चढवला तरी प्रकाशाचा वेग काही वाढत नाही. आणि बिघाड? सायबर हल्ला वगैरे टीव्हीवर. आमच्याकडे जनरेटरचं डिझेल संपलेलं असायचं, यूपीएसच्या बॅटऱ्या उन्हाने मेलेल्या, कनेक्टरमध्ये वाळू, नाहीतर कुणीतरी आयपी ॲड्रेसचा एक आकडा चुकवलेला.

बंदीचं म्हणाल तर अमेरिकेने तेही करून बघितलंय. २००८ मध्ये मध्यपूर्वेतल्या एका तळावर लॅपटॉपला कुणीतरी पेनड्राइव्ह लावला आणि त्यातला व्हायरस सिक्रेट नेटवर्कपर्यंत पोचला, साफसफाई वर्षाहून जास्त चालली. पेनड्राइव्हवर बंदी आली. पण फाइल इकडून तिकडे न्यायची गरज काही बंद झाली नव्हती, लोक सीडीवर कॉपी करायला लागले, आणि अमेरिकन सैन्यातल्या चेल्सी मॅनिंगने २०१० मध्ये इराकमधून जी लाखो कागदपत्रं गुप्त माहिती फोडणाऱ्या विकिलीक्स वेबसाइटला दिली ती आधी सीडीवरच काढली होती, वर गाण्यांची सीडी वाटावी म्हणून गायिका लेडी गागाचं नाव. बरं हे झालं खालच्या रँकचं. मार्च २०२५ मध्ये येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा खुद्द संरक्षणमंत्री सिग्नल ॲपवर करत होते आणि त्या ग्रुपात चुकून एक संपादक ॲड झालेला! सुरक्षित फोन, सुरक्षित खोल्या सगळं हाताशी असताना. सोयीचं साधन दिलं नाही की माणूस सोयीचा रस्ता काढतो, मग तो शिपाई असो की मंत्री.

म्हणून भारतात जुलै २०२० मध्ये सैन्याने जवानांना फोनमधली ८९ ॲप डिलीट करायला लावली तेव्हा मला ते चूक वाटलं नाही. हनीट्रॅप खरे आहेत, आणि २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपच्या नकाशावर धावणाऱ्या सैनिकांमुळे परदेशातले तळ कसे उजळून दिसले ते इथे आम्ही बघितलंय. पण सैन्याचं स्वतःचं साई नावाचं मेसेजिंग ॲप आलं ऑक्टोबरमध्ये. व्हॉट्सॲपला अटींवर सूट होती म्हणून बरं, नाहीतर मधल्या तीन महिन्यांत लेहच्या जवानाने घरी मुलीचा चेहरा कशावर बघायचा होता हे ग्रुपवर कुणी विचारलं नाही. पर्याय आधी, बंदी नंतर, इतकं साधं आहे.

स्वदेशीवाल्यांचा मुद्दा मात्र एका जागी मला पूर्ण पटतो. २०२२ मध्ये युक्रेनचं सैन्य इलॉन मस्कच्या स्टारलिंक या सॅटेलाइट इंटरनेटवर अवलंबून होतं आणि रशियाच्या ताब्यातल्या क्रायमियाजवळ ती सेवा चालू करायला मस्कने नकार दिला, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलं. दुसऱ्याच्या हातातलं बटण म्हणतात ते हेच. पण नुसतं ‘मेड इन इंडिया’ लिहून ते बटण आपल्या हातात येत नाही हो. इथे विन-टी नावाचं आर्मीचं फील्ड नेटवर्क होतं, अब्जावधी डॉलर ओतले आणि २०१७ मध्ये त्याच्या नव्या टप्प्याची खरेदी थांबवायचं ठरलं, अवजड आणि गुंतागुंतीचं म्हणून. ते संपूर्ण अमेरिकन होतं. तरी सार्जंट रात्री दोनला मला उठवायला यायचा, कारण आतलं कॉन्फिगरेशन बदलायची परवानगी त्याला नव्हती, मला होती. माझा पगार त्यावरच चालला, तक्रार कशी करू! पण लढाईत माझ्यासारखा सिव्हिलियन तिथे असेलच असं नाही.

आपल्याकडे महूला, जबलपूरला, गोव्यात सैन्याच्या सिग्नल्स दलाचे लोक तयार होतात. त्यांना सीलबंद खोकं द्यायचं आणि बिघडलं की बंगळुरूहून कंपनीचा इंजिनिअर बोलवायचा, तर ते खोकं स्वदेशी असून हवालदाराला काय फरक पडला? त्यामुळे माया की विंडोज यापेक्षा मला टेंडरची भाषा वाचायला आवडेल: सर्किट डायग्रॅम युनिटकडे, ॲडमिन पासवर्ड युनिटकडे, सुटे पार्ट युनिटच्या स्टोअरमध्ये, आणि हवालदाराने खोकं उघडलं तर वॉरंटी जाणार नाही असं लेखी.