ट्यूबवर अक्रोड, आत ॲसिड

सकाळी बहिणीचं तोंड बघितलं आणि डोकंच फिरलं. चार दिवसांवर हळद आली आणि पोरीचे दोन्ही गाल लालभडक! भाजलेल्या वांग्याची साल सुटते ना, तशी नाकाजवळची कातडी सुटलेली. आजी तर ओरडलीच, "माय वं, तोंडले काय व्हयनं?"

काय होणार? स्क्रब! ट्यूबवर पुढे हा एवढा अक्रोड, हिरवं पान आणि ठळक अक्षरात 'नॅचरल'. मागचं वाचायला मला मोबाइलवर फोटो काढून मोठा करावा लागला. ग्लायकोलिक ॲसिड, सॅलिसिलिक ॲसिड, आणि पार खाली ते अक्रोडाच्या टरफलाचं पीठ. टक्के किती? लिहिलेलंच नाही. उन्हाचा तर शब्द नाही. आणि दुकानदार म्हणे, "ताई, रोज दोनदा घासा, लवकर उजळेल."

अरे, रोज दोनदा? तोंड आहे की तवा? ग्लायकोलिकचा रेणू बारीक, पटकन आत शिरतो. मेलेली कातडी सैल करतो आणि खालची कोवळी कातडी उन्हापुढे उघडी पडते. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं-प्रसाधनांवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याने, कंपन्यांना सांगून ठेवलंय, असलं ॲसिड असेल तर पॅकवर लिहा, वापरताना आणि नंतर आठवडाभर ऊन सांभाळा. आणि इथे, जळगावात, मे महिन्यात, ४४ डिग्रीत, कोणी चकार शब्द काढत नाही! त्यात तेच ॲसिड लावलेल्या चेहऱ्यावर टरफलाचे टोकदार कण घासायचे. आठ दिवस पोरगी हे लावून स्कूटीवर भुसावळ, वरणगाव, जामनेर पत्रिका वाटत फिरली.

शेजारच्या काकूंचं लिंबू-साखर प्रकरणही मी विसरलेले नाही. घरगुती म्हणून लिंबाचं ॲसिड काही दूध होत नाही, काकू! आणि पार्लरवालीनेही साखरपुड्याआधी ब्लीच केलं, तेव्हाही हिचे गाल दोन दिवस जळत होते. मुळात पोरगी सावळी आहे, छान आहे. उजळायचंय कोणाला आणि कशाला? प्रत्येक लग्नघरात हा एकच घोष ऐकून माझे कान किटलेत.

डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलंय, फक्त साधं व्हॅसलीन. हळदीच्या दिवशी तोंडाला हळद लावायची नाही. ती मघाशी हळूच विचारत होती, "ताई, नुसतं एक बोट कपाळाला लावलं तर चालेल का गं?"

बिल सापडलंय. संध्याकाळी दुकान उघडलं की ती ट्यूब त्याच्या काउंटरवर आपटणार आहे.