एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: जुनी ऑडी टीटी, सकाळचा खडखडाट आणि आमचं कोटेशन

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दिल्ली पासिंगची २०१२ ची ऑडी टीटी तुम्ही साडेतेरा लाखांत घेतली. घेण्याआधी आम्ही तपासणीचे पैसे घेतले आणि वर 'घेऊ नका' म्हणालो. घेतल्यावर ३ लाख ४० हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. दुसऱ्या एका गॅरेजने मात्र फक्त ऑइल बदलून सकाळचा आवाज ९ हजारांत बंद केला. म्हणजे आम्ही गरजू गिऱ्हाईक बघून लुटतो.

कमी पैशांत स्पोर्ट्स कार घ्यायची स्वप्नं बघणारी बरीच पोरं हे वाचणार आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी त्या आवाजाबद्दल, कारण बाकी सगळं थांबू शकतं, ते थांबू शकत नाही.

तुमच्या गाडीत इए८८८ मालिकेतलं २.० टीएफएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, इंजिन आहे. वॉल्व आणि पिस्टनचा मेळ राखायला त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ही चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद झालं की दाब जातो. अशा वेळी टेन्शनरचा दट्ट्या मागे सरकू नये म्हणून त्याला दातेरी अडसर दिलेला असतो. जुन्या बनावटीच्या टेन्शनरमध्ये हा अडसर कधी ना कधी दगा देतो. गाडी रात्रभर उभी राहिली की चेन सैल पडते. सकाळी स्टार्टर मारल्यावर दोन-तीन सेकंद खडखड होते, ऑइलचा दाब आला की सगळं शांत. गाडी घेतल्यावर तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात तेव्हा हाच आवाज तुम्ही स्वतः मोबाइलवर ऐकवला होता. ज्या सकाळी चेन काही दात सरकेल, त्या सकाळी पिस्टन आणि वॉल्व एकमेकांवर आदळतील. मग हेड उतरवायचं, वाकलेले सगळे वॉल्व बदलायचे, पिस्टनवर खुणा उठल्या असतील तर इंजिन पूर्ण खोलायचं. त्या खर्चापुढे आमचं आख्खं कोटेशन लहान वाटेल.

कंपनीने पुढे सुधारित टेन्शनर आणला. साधारण २०१२ च्या आसपास तो इंजिनांत यायला लागला, म्हणून २०१२ च्या गाडीत कोणता निघेल हे कागदावरून सांगता येत नाही. खालच्या टायमिंग कव्हरला एक छोटं रबरी बूच असतं. ते काढून आत कॅमेरा घातला की टेन्शनर जुना की नवा ते स्पष्ट दिसतं. तुमच्या गाडीत जुना आहे. त्याचा फोटो आणि स्कॅनरवर आलेलं कॅमशाफ्टच्या (वॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) फरकाचं रीडिंग, दोन्ही तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेलं आहे. चेनही लांबली आहे, असं ते रीडिंग सांगतं.

आता त्या ९ हजारांच्या कामाचं. त्या गॅरेजबद्दल मला काही बोलायचं नाही. पण जाड ऑइल घातलं की असा आवाज दबतो, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येक मेस्त्रीला ठाऊक असतं. जाड ऑइल टेन्शनरमधून सावकाश निथळतं, त्यामुळे दट्ट्या थोडा वेळ जागेवर राहतो. अडसर मात्र होता तसाच तुटका आहे. उलट गार इंजिनात जाड ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायला वेळ लावतं. या इंजिनाला फोक्सवॅगनच्या (ऑडीच्या मूळ कंपनीच्या) ५०२ ०० मानकाचं ५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल लागतं. तुमच्या बिलावर ऑइलचा ग्रेड लिहिलेला असेल, तो बघा. २०डब्ल्यू-५० म्हणजे जाड ऑइल असेल तर कृपा करून ते काढून टाका, आमच्याकडे नको, कुठेही काढा. आवाज होता तोपर्यंत गाडी तुम्हाला सांगत होती की काहीतरी बिघडलंय. आता ती सांगायची बंद झाली आहे, आणि मला काळजी वाटते ती याची.

तपासणीबद्दल. आमच्या अहवालात 'घेऊ नका' असं वाक्य नाही. 'किंमत दोन लाखांनी खाली आली तरच घ्या, नाहीतर सोडा' असं आहे. विकणाऱ्याने खालचं कव्हर काढू दिलं नाही, त्यामुळे टेन्शनर त्या वेळी बघता आला नाही, हेही त्यात नोंदवलेलं आहे. गार इंजिन सुरू करून दाखवायला त्यांनी नकार दिला होता. आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट आधीच गरम होतं. जुनी गाडी विकणारा इंजिन तापवून ठेवत असेल तर त्यामागे कारण असतं.

त्याच अहवालात गाडीचं कौतुकही आहे, ते तुम्ही लिहिलं नाहीत. टीटीच्या या पिढीची बॉडी पुढून ॲल्युमिनियमची आणि मागून स्टीलची आहे. आपल्याकडे पोचे बुजवायला भरलेली पुट्टी शोधायला लोहचुंबक लावायची पद्धत आहे. टीटीच्या बॉनेटला चुंबक चिकटतच नाही, आणि 'पुट्टी भरलीय' म्हणून चांगल्या गाड्या सोडून गेलेली माणसं मी बघितली आहेत. रंगाची जाडी मोजायचं साधं यंत्रही ॲल्युमिनियमवर काही सांगत नाही, त्यासाठी दोन्ही धातूंवर चालणारं यंत्र लागतं. आम्ही त्याने तुमची गाडी इंच इंच तपासली. बॉडी सरळ आहे, रंग बहुतेक कंपनीचाच आहे. मीटरही मागे घेतलेला नाही. जुन्या फॉल्ट कोडच्या (गाडीने स्वतः नोंदवलेल्या बिघाडांच्या) नोंदींत त्या वेळचं किलोमीटर साठवलेलं असतं; त्यातला कुठलाच आकडा मीटरवरच्या ७४,००० च्या पुढे नव्हता. सेकंडहँड जर्मन गाडी घेणाऱ्याने स्कॅनर लावताना फक्त कोड बघू नयेत, त्यासोबतचे हे आकडेही बघावेत. तुमच्या गाडीचा सांगाडा उत्तम आहे. म्हणूनच ती मारून टाकू नये असं मनापासून वाटतं.

आता ३ लाख ४० हजार. त्या कागदावर तीन भाग होते, तुम्ही फक्त खालची बेरीज टाकली आहे. पहिला भाग ९८ हजारांचा: चेन, टेन्शनर, गाइड, आणि त्याच वेळी वॉटर पंप व थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक हाउसिंग, कारण ते आत्ताच पाझरतंय. दुसरा भाग ४४ हजारांचा: डीएसजी म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल-फिल्टर, हॅल्डेक्सचं (मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या क्लचचं) ऑइल, प्लग, ब्रेक ऑइल. तिसरा १ लाख ९८ हजारांचा: चार टायर, ब्रेक डिस्क-पॅड, इनटेक वॉल्ववरचा कार्बन काढणं आणि सस्पेन्शन. पहिल्या भागापुढे 'लगेच' असं लिहिलं होतं, दुसऱ्यापुढे 'तीन महिन्यांत', तिसऱ्यापुढे 'वर्षभरात, जमेल तसं'. हे मी तुम्हाला कागदावर बोट ठेवून समजावलं होतं.

डीएसजीबद्दल तुमचे मेहुणे म्हणाले की त्याचं ऑइल 'लाइफटाइम' असतं, बदलायची गरज नाही. त्यांच्याकडे फोक्सवॅगन पोलो जीटी आहे. पोलोचा डीएसजी ७ गिअरचा, कोरड्या क्लचचा. त्याच्या गिअर ऑइलला कंपनीने बदलायची मुदत दिलेली नाही. तुमच्या टीटीचा ६ गिअरचा आहे आणि त्याचे क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात. झिजलेल्या क्लचचा गाळ त्याच ऑइलमध्ये फिरतो, म्हणून दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलायचा. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ७४,००० पर्यंत त्याची एकही नोंद नाही. आज पहिल्या गिअरवरून दुसरा पडताना बसणारा हलका झटका ऑइल बदलून जाईलही. मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट, गेलं तर त्या एका कामात कोटेशनच्या पहिल्या दोन्ही भागांचे पैसे संपतील.

टायरवर नक्षी भरपूर आहे, मग बदलायचे कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. तुमच्या टायरवर ३४१७ आहे, म्हणजे २०१७ चा चौतिसावा आठवडा. गाडी उभी होती म्हणून नक्षी टिकली, रबर मात्र कडक झालंय. पावसात आंबा घाट उतरताना ब्रेक लावायची वेळ आली तर नक्षीपेक्षा रबराचा मऊपणा जास्त कामी येतो. शिवाय आपल्या हायवेवर सहापदरीकरणाची वळणं आणि खड्डे. २४५/४० चा १८ इंची टायर खड्ड्यात गेला की बाजूला फुगा येतोच. कार्बनचं काम मात्र थांबू शकतं. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक वॉल्व धुतले जात नाहीत, त्यामुळे काजळी साचणारच. गाडी गार असताना अडखळायला लागली की करू.

इथे मला मुद्द्याची गोष्ट सांगायची आहे. तुम्ही लिहिलंय की साडेतेरा लाखांच्या गाडीला साडेतीन लाख म्हणजे चौथा हिस्सा, हे कुठलं गणित? साहेब, स्पेअरची किंमत तुम्ही गाडी कितीला घेतली यावर ठरत नाही. टीटी हंगेरीतल्या ग्योरच्या कारखान्यातून तयार होऊन भारतात आली. तिचा वॉटर पंप, ब्रेक डिस्क, टेन्शनर आजही त्याच वर्गाच्या नव्या गाडीच्या भावाने येतात. गाडी जुनी होते, स्पेअर जुने होत नाहीत. त्यामुळे १४ लाख हातात असतील तर गाडी साडेदहाची बघावी आणि उरलेले पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावेत. हे मी तुम्हाला आणि तुमच्यासारख्या प्रत्येकाला सांगतो. तुम्हाला वाटलं की मी तुमची ऐपत काढतोय. तसं नव्हतं. माझ्याकडे वर्षातून दोन सर्व्हिस करून, टप्प्याटप्प्याने कामं करून टीटी आणि बीएमडब्ल्यू झेडफोर सांभाळणारे पगारदार लोक येतात. त्यांनी गाडी घेताना थोडं मागे हटून घेतली, म्हणून आज ते ती मजेत चालवतात.

आणि खरं सांगायचं तर तुमच्या बजेटमध्ये माझी पहिली सूचना वेगळीच होती. रांजणगावला बनलेली फियाटची अबार्थ पुंटो घ्या: १.४ टी-जेट टर्बो पेट्रोल, १४५ हॉर्सपॉवर, साधा हाताचा गिअर. घाटात ती आनंदच देते. फियाट भारतातून गेल्यामुळे काही स्पेअरसाठी शोधाशोध करावी लागते, पण इंजिन समजायला सरळ आहे. नाहीतर चाकणची पोलो जीटी, जिचे स्पेअर सहज मिळतात. तुम्हाला टीटीच हवी होती. ती आवड मला कळते, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

कागदपत्रांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. दिल्लीकडे जुन्या गाड्यांवर वर्षानुवर्षं निर्बंधांची टांगती तलवार राहिल्याने १५ वर्षांच्या जवळ आलेली पेट्रोल गाडी तिकडे स्वस्त निघते. इकडे आणताना एनओसी म्हणजे फॉर्म २८, नावावर करायला २९ आणि ३०, नवा नंबर घ्यायला २७, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा. परराज्याच्या नंबरवर १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवता येत नाही. तुमच्या गाडीची नोंदणी २०२७ ला संपते. एप्रिल २०२२ पासून १५ ते २० वर्षांच्या आयात चारचाकीच्या फेरनोंदणीची फी ४०,००० रुपये आहे, साध्या गाडीला ५,०००. त्यावर फिटनेस आणि पर्यावरण कर. विक्रेत्याने हे सांगितलं नसेल तर आत्ताच धरून चाला. कर्जावरची गाडी असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ पण मागून घ्या.

आता पुढचं. पहिल्या भागाचं ९८ हजारांचं कोटेशन तसंच ठेवतो, वाढवत नाही. स्पेअर तुम्ही स्वतः मागवणार असाल तरी चालेल, मी फक्त पार्ट नंबर देतो आणि लेबर घेतो. काम चालू असताना तुम्ही लिफ्टजवळ उभे राहा, जुना टेन्शनर तुमच्या हातात देतो. दुसरं कुठलं गॅरेज हेच काम नव्या टेन्शनरसह कमी पैशांत करत असेल तर तिथे करा, मला वाईट वाटणार नाही. फक्त तोपर्यंत गाडी सुरू करू नका. आणायची झाली तर कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरपर्यंत फ्लॅटबेडवर चढवून आणा. गाडी क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, असल्यामुळे पुढची किंवा मागची दोनच चाकं उचलून ओढली तर हॅल्डेक्सचं नुकसान होतं. टोइंगवाल्याला फोनवरच तसं सांगा. सोमवारी आमचं गॅरेज बंद असतं, मंगळवारपासून कधीही या.