आठव्या रेघेचं प्रकरण

सोलापुरात एखादी गोष्ट फुकट आहे म्हटलं, की माणूस आधी ती उलटी करून बघतो. चादर असली तर भोक शोधतो, प्रोग्रॅम असला तर व्हायरस. त्यामुळे मी डिझाईनसाठी गिंप हा चित्रं काढायचा फुकट प्रोग्रॅम वापरतो हे लोकांनी कसंबसं पचवलं होतं. पण आता त्याच प्रोग्रॅममध्ये मी स्वतः भर घालतोय, तीही फुकट, हे कळल्यापासून साखर पेठेत बायका माझ्या आईला थांबवून विचारतात, "पोरगं बरं आहे ना?"

माझं काम जॅकार्डच्या, म्हणजे मागावर विणून उठवायच्या नक्षीच्या, डिझाईनचं. चादरीवरचा मोर दिसायला मोर असला तरी मागासाठी तो नुसता हिशेब असतो: कुठला धागा वर, कुठला खाली. पूर्वी हा हिशेब ग्राफच्या कागदावर चालायचा. उभा रकाना म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. एकेक चौकोन रंगवायचा आणि मग त्यावरून मागाला हुकूम देणारी कार्डं पंच करायची. त्या कागदावर दर आठ चौकोनांनंतर एक जाड रेघ असायची. ती होती म्हणून जुने डिझाईन मास्तर म्हातारपणीही शुद्धीवर राहिले. नाहीतर मोराच्या पिसाऱ्यातले चौकोन मोजता मोजता माणूस कामातून जातो.

कॉम्प्युटरवर चौकोनाचा पिक्सेल झाला, एवढाच फरक. गिंपमध्ये ग्रिडही आहे, म्हणजे चित्रावर आखलेली रेघांची जाळी. तिचं अंतर बदलता येतं, रंग बदलता येतो, सलग, तुटक, नुसते ठिपके, पाहिजे तशी रेघ मिळते. फक्त दर आठवी जाड होत नाही.

आमचे एक कारखानदार आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून मॉनिटरवर बोट ठेवून मोजतात. बोटाला बहुतेक वेळा शेंगाचटणी असते. "एक, दोन, तीन... अरे, आठ कुठं संपले बे हितं?" मी सांगितलं, अण्णा, सोय नाही. "मग कंपनीला फोन लाव की." कंपनी नाही म्हटलं. १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, हा प्रोग्रॅम सुरू केला. त्याची बटणं आणि खिडक्या काढायला त्यांनी जे सामान बनवलं त्याचं पुढे जीटीके झालं आणि त्यावर लिनक्सचा अख्खा गनोम डेस्कटॉप उभा राहिला. कोड सगळ्यांना खुला आहे, कुणीही बदलू शकतो. अण्णांनी एवढंच ऐकलं. "कुणीबी ना? मग तू बदल."

बदल करायचा तर आधी प्रोग्रॅम कोडपासून आपल्या मशीनवर बांधून घ्यावा लागतो. गिंपच्या आधी गेगल, गेगलच्या आधी बॅबल. एक चित्रावरच्या प्रक्रिया सांभाळतो, दुसरा रंगांची रूपांतरं. मे महिना होता. बाहेर पारा चव्वेचाळिसावर, आत लॅपटॉप त्याच्याशी स्पर्धा करतोय. मधेच लाईट गेली, आणि बॅटरी तर लग्नाच्या आहेराइतकीच जुनी आणि तितक्याच उपयोगाची. सुदैवाने निंजा नावाचं जे अवजार हे बांधकाम करतं ते जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करतं. आमच्या गल्लीतल्या गटारीच्या कामावर असा एक निंजा नेमायला हरकत नाही.

खरा कोड ओंजळभर निघाला. रेघा काढणारी जागा सापडली, दर आठवी जाड केली, आणि मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल मूळ कोडात घ्या' असा अर्ज, पाठवून मी पार्क चौकात जाऊन उसाचा रस पिऊन आलो.

गिंप सांभाळणाऱ्यांचा पहिला अभिप्राय जाडीबद्दल नव्हताच. फंक्शनचं नाव आणि त्यापुढचा कंस यांच्यात एक जागा सोडा, अशी अतिशय नम्र विनंती होती. त्यांच्याकडे तशी शिस्तच आहे, आणि लेखी आहे. सोलापुरात आम्ही दोन स्कूटरमध्येही जागा सोडत नाही, पण सोडली. सगळीकडे सोडली.

मग प्रश्न आला, आठच का? दुसऱ्या कुणाला पाच हवी असेल. म्हणजे आकडा निवडायला खिडकीत एक चौकट आली. चौकट आली म्हणजे तिला नाव आलं, नाव आलं म्हणजे ते जगभरच्या भाषांत उतरवणाऱ्यांच्या यादीत गेलं. ग्रिडची माहिती चित्रासोबत गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाईलमध्ये जाते, तर तीच फाईल जुन्या आवृत्तीत उघडली तर काय होईल? चित्र लांबून बघितलं तर जाड रेघा एकमेकींत घुसणार नाहीत ना? राग यावा असं त्यात काही नव्हतं, हीच मोठी अडचण. माणसं आपला वेळ देऊन, प्रत्येक वाक्यात आभार मानून, बरोबर बोलत होती. भांडायला जागाच नाही. सोलापुरी माणसानं जावं कुठं?

हे सगळं चालायचं रात्री, कारण उत्तरं यायची ती आपल्या झोपेच्या वेळी. बायकोला संशय आला. "कोण आहे एवढ्या रात्री?" मी म्हटलं, कंसाआधी जागा सोड म्हणताहेत. तिनं लॅपटॉप फिरवून स्वतः वाचलं आणि काही न बोलता झोपली. तिला दुसरं काही सापडलं असतं तर निदान माझी इज्जत राहिली असती.

एकदा मात्र मजा आली. हे हवंय कशाला, असं कुणीतरी मनापासून विचारलं आणि मी तुटक्या इंग्रजीत अख्खा यंत्रमाग उभा केला. त्यावर पुढचा प्रश्न: इंचात ताण्याचे आणि बाण्याचे धागे सारखेच बसतात का? नाही. म्हणून तर पडद्यावरचा मोर चादरीवर उतरला की कधी बसका होतो, कधी उंच. तो हिशेब आम्ही मनात करतो. मग आडवं-उभं रिझोल्यूशन, म्हणजे इंचातले पिक्सेल, वेगवेगळं ठेवा आणि व्ह्यू मेन्यूतलं डॉट फॉर डॉट (चित्राचा एक पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका) बंद करा, असं उत्तर आलं. केलं. मोर पडद्यावरच चादरीसारखा दिसायला लागला! रेघ मागायला गेलो आणि मोर घेऊन आलो.

रेघ अजून रांगेत आहे. दरम्यान मूळ कोड पुढे जातो, माझा मागे राहतो, मग दोन्हीची सोयरीक पुन्हा जुळवावी लागते. गिंपची २.१० आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि ३.० आली २०२५ च्या मार्चमध्ये; तिथे घाई हा प्रकार नाही. आणि काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावातल्या माणसाला थांबायला कुणी शिकवायचं?

माझ्या मशीनवर मात्र ती रेघ आहे. परवा अण्णांना दाखवली. त्यांनी बोट टेकवलं, आठ मोजले, पुन्हा आठ मोजले, समाधानानं मान हलवली.

"हे समदं फुकट आहे म्हणलास ना?"

"हो अण्णा."

"तू केलेलं काम बी फुकट?"

"हो."

"मग ह्या महिन्याच्या बिलात डिझाईनचे पैसे कशाला लावलास?"